कागद खोटा शे!

ज्या मुलांच्या नावापुढे ‘परिच्छेद वाचता येत नाही’ अशी नोंद झालेली असते, तीच मुलं खताच्या गोणीवरचं ‘१०:२६:२६’ न अडखळता वाचतात. युरियाची गोणी कोणती आणि सुपर फॉस्फेटची कोणती, हे त्यांना लांबूनच कळतं. कुणी म्हणेल, हे काही वाचन नव्हे, रंग आणि छाप ओळखणं आहे. थोडंफार तसं आहेही. पण आमच्या तिसरीतल्या एका मुलानं ओट्यावर पडलेल्या गोणीवरची हिंदी ओळ एकेक अक्षर लावत वाचून काढली, ‘हुक का प्रयोग न करें’, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारलं, ‘मॅडम, हूक काब्र नही?’ म्हणजे हूक का नको? हमालाच्या हातातला लोखंडी आकडा त्यानं बाजार समितीत पाहिलेला होता. तो गोणीत घुसला तर काय होईल, हे बोलता बोलता त्याचं त्यालाच सुचलं. हाच मुलगा राजा-राणीची गोष्ट उघडली की दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. बोरी नदीच्या पट्ट्यातलं गाव, काळी जमीन, खरिपात जिकडे तिकडे कापूस, मधून मधून ज्वारी आणि मका. शाळा दोन शिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी. मुलं घरी अहिराणी बोलतात. शाळेत आल्यावर थोडा वेळ पुस्तकातल्यासारखं बोलायचा प्रयत्न करतात आणि भांडण सुरू झालं की पुन्हा अहिराणीवर येतात. मी येऊ देते. भांडताना माणूस खरं बोलतो. हा लेखही भांडणांविषयीच आहे, फक्त ही भांडणं मुलांनी छापील कागदाशी केलेली आहेत.

शाळेच्या कुंपणाला लागून एक वावर आहे. मालक ओळखीचे. पोरं फुलपात्या तोडणार नाहीत या अटीवर आत जाऊ देतात. कापसाच्या एकाच झाडावर फिकट पिवळी आणि गुलाबी अशी दोन रंगांची फुलं दिसतात, हे इथल्या मुलांनी चालायला लागल्यापासून पाहिलेलं असतं. असं का, म्हणून विचारलं तर वर्गात दोन तट पडले. एकांचं म्हणणं, झाडाला दोन जातींची फुलं येतात. दुसऱ्यांचं म्हणणं, पिवळं फूल म्हातारं झालं की गुलाबी होतं. मी काहीच सांगितलं नाही. सकाळी नुकत्याच उमललेल्या काही पिवळट फुलांच्या देठाला आम्ही लाल लोकर बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपायच्या आत अर्धा वर्ग कुंपणाशी उभा होता. लोकर बांधलेली सगळी फुलं गुलाबी झालेली.

मग मी मोठ्या कागदावर चार ओळी लिहून भिंतीला लावल्या. ‘कापसाचे फूल सकाळी उमलते. पहिल्या दिवशी ते फिकट पिवळे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते. मग पाकळ्या गळतात आणि तिथे बोंड धरते.’ खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या मुलानं या चारही ओळी वाचल्या. ‘उमलते’वर अडखळला, पण थांबला नाही, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक असलं की मूल अक्षराला भीत नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत तर तो मला वाचून दाखवत नव्हता, मलाच सांगत होता.

त्याच वावरात काही कळ्या उमलतच नाहीत. पाकळ्यांची टोकं एकमेकींत गुंतून पीळ पडल्यागत बंद राहतात. तिला शेतकरी डोमकळी म्हणतात आणि ती दिसली की कपाळाला आठी पडते, कारण आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. २०१७ च्या हंगामात या अळीनं राज्यातल्या कापूसपट्ट्याचं काय केलं, ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. बोंडअळीला तोंड देणारं म्हणून बीटी वाण आलं २००२ साली. पंधरा वर्षांत अळी त्याला पुरून उरली. मुलांना बीटीतलं काही कळत नसलं तरी ‘अळी’ या शब्दाबरोबर घरातला आवाज कसा बदलतो, हे चांगलं कळतं.

एका डोमकळीच्या पाकळ्या मी नखानं हळूहळू सोडवल्या. आतून बारीक रेशमी धाग्यांनी त्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. धागे तुटताना पाकळ्यांना किंचित हिसका बसत होता. आत परागकणांची पिवळी पूड, तिच्यात काळपट विष्ठेचे कण आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढी एक अळी, डोकं तपकिरी. मुलांची डोकी एकमेकांवर आदळत होती. खरिपाच्या बैठकीत वाटलेलं बोंडअळीचं घडीपत्रक एका मुलीनं घरून आणलेलं होतं. तिच्या हातातल्या त्या पत्रकावर ठळक अक्षरात ‘गुलाबी’ आणि चित्रातही गुलाबी अळी. एका मुलानं अळीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, ‘मॅडम, हाई ते धवळी शे. कागद खोटा शे!’

मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी म्हटलं, खोटा आहे का ते आधी बघू. रंगाबद्दल यात कुठं काही लिहिलंय का, शोधा. पत्रक मोठ्यांसाठीचं. बारीक टाइप, ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ वगैरे भाषा. एरवी या मुलांसमोर मी ते ठेवलंही नसतं. पण कागदाला खोटं पाडायचं होतं, म्हणून पाच-सहा जणं जमिनीवर पालथी पडली आणि ओळीवर बोट फिरवत ‘पांढ’, ‘गुला’, ‘रंग’ असे तुकडे शोधायला लागली. सापडलं ते एका मुलीला, जी मोठ्यानं वाचायची वेळ आली की पाणी प्यायला जाते. लहान अळी पांढुरकी असते आणि पूर्ण वाढ झाल्यावर गुलाबी होते, अशा अर्थाचं एक वाक्य मधल्या घडीत दडलेलं होतं. ‘पूर्ण’मधला रफार तिला लागेना. तिघांनी मिळून लावला. कागद खरा निघाला म्हणून निकाल देणारा थोडा हिरमुसला. पण लगेच म्हणाला, मग चित्रात लहान अळी का नाही काढली? प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही वहीत लहान अळीचं चित्र काढून त्याला नावं दिली: डोकं, अंग, पाय, धागा. चित्राच्या बाणापुढे शब्द लिहिणं हे तिसरीच्या मुलासाठी लेखनच असतं. पूर्ण वाक्याचा धाक नाही आणि शब्द मात्र नेमका लागतो.

राजा-राणीच्या गोष्टीला मूल खोटं म्हणू शकत नाही. राजाला सात राण्या होत्या म्हटलं की होत्या. तिथं तपासायला जागा नाही आणि नसावीच, गोष्टीची मजाच त्यात आहे. मी गोष्टींच्या विरोधात नाही. शनिवारी मीच सगळ्यात मोठ्यानं गोष्ट सांगते. पण मुलाच्या वाट्याला वाचायला फक्त गोष्टीच आल्या, तर छापलेलं असेल ते गुमान मान्य करायचं असतं, ही एक सवय नकळत अंगात मुरते. ती सवय पुढे आयुष्यभर पुरते. मोबाइलवर फिरणारे निरोप वाचून डोळे मिटून पुढे ढकलणारी माणसं निरक्षर नसतात, चांगली शिकलेली असतात. फक्त त्यांनी कधी कागदाशी भांडण केलेलं नसतं.

हे आमच्या शाळेपुरतं नाही. नेल ड्यूक या अमेरिकी संशोधिकेनं २००० साली तिथल्या पहिलीच्या २० वर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. माहितीपर मजकूर मुलांसमोर किती वेळ येतो, ते तिनं मोजलं होतं. सरासरी निघाली दिवसाला ३.६ मिनिटं. आपल्याकडे कुणी असं घड्याळ लावून बसलं, तर परिपाठातल्या दिनविशेषाच्या जोरावर आपण त्यांच्या बरोबरीला येऊ, अशी मला आशा आहे.

त्याहून मला उपयोगी पडलेला प्रयोग जुना आहे, १९८८ चा. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची. दोन्हींत काहींना बेसबॉल कळणारा आणि काहींना न कळणारा. वाचून झाल्यावर सामन्यात काय घडलं, ते सांगायचं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. आपल्या गल्लीत क्रिकेटचं वर्णन देऊन बघा, हेच होईल. म्हणजे ज्याला आपण ‘वाचनक्षमता’ म्हणतो आणि तक्त्यात खुणा करून वर पाठवतो, तिच्यातला मोठा भाग त्या विषयाबद्दल मुलाला आधीच काय माहीत आहे, हाच असतो. समुद्रकाठच्या मुलाची गोष्ट माझ्या वर्गात अडखळते आणि डोमकळीचं पत्रक पुढे सरकतं, याचं एक कारण हे.

यावरून कुणी असं मात्र समजू नये की आवडीचा विषय दिला की अक्षरं आपोआप येतात. असं भाषणात सांगणाऱ्यांनी एकदा पहिलीचा वर्ग घेऊन बघावा. काना-मात्रा, उकार, जोडाक्षरं यांना पर्याय नाही, ती रोज घोटावीच लागतात. एकट्या ‘र’चेच नखरे पाहा: ‘सर्प’मध्ये डोक्यावर, ‘ग्रहण’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी आणि ‘पऱ्हाटी’मध्ये अर्धचंद्रासारखा बाजूला. सकाळचा पहिला तास आमच्याकडे याच घोटण्याचा असतो आणि तो कंटाळवाणा आहे, हे मी मुलांपासून लपवत नाही. माहितीचं वाचन त्या तासाची जागा घेत नाही. तो तास कशासाठी आहे, एवढं ते मुलांना दाखवतं.

लिहिण्याचं सांगायचं तर, आमच्या निरीक्षणवहीत पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केलेले असतात: ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’ आणि ‘मला वाटतं’. वाक्य लिहायच्या आधी ते कुठल्या रकान्यात जाईल, हे ठरवायचं. दिसायला सोपं आहे, मोठ्यांना देऊन बघा. पावसाळ्यात कापलेल्या बाटलीच्या पर्जन्यमापकातला आकडा पहिल्या रकान्यात जातो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कळल्यावर चौथीच्या मुलांनी शाळेचं छप्पर पावलांनी मापलं. दहा मीटर बाय सहा मीटर धरलं, तर १० मिलिमीटरच्या पावसात छपरावरून ६०० लिटर पाणी वाहून जातं. हे वाक्य त्यांनी फळ्यावर कुणाला पुसू दिलं नाही. नागपंचमीच्या सुमाराला ‘नाग दूध पितो’ हे वाक्य घेऊन बरीच पोरं ‘मी पाहिलं’ रकान्यात शिरायला बघतात. पाहिलेलं असतं ते गारुड्यानं तहानलेला ठेवलेला नाग. साप दूध पीत नाहीत, हे वाचल्यावर आज्यांशी जे वाद झाले, त्यांचे पडसाद माझ्यापर्यंत आले. आज्यांना मी एवढंच म्हटलं, दूध पितो की नाही ते राहू द्या, पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतलं काही चावलं तर भगताकडे न जाता दवाखान्यात जायचं, हे नातवाला तुमच्याकडूनही ऐकू द्या. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

हरकत आली ती वेगळ्या बाजूनं. पालकसभेत एका मुलाचे वडील उठून म्हणाले, ‘मॅडम, कपाशी आम्ही शिकाडसूत वावरमा. तुमी पुस्तक शिकाडा.’

सभेत हशा पिकला, पण मी हसू शकले नाही. त्यांचं म्हणणं मला आजही वजनदार वाटतं. कपाशीनं त्यांना काय दिलं, ते त्यांना ठाऊक आहे. पोरगं शाळेत घातलं ते त्यातून सुटावं म्हणून, आणि शाळेत जाऊन बघावं तर बाई पुन्हा बोंडअळीच दाखवताहेत. ‘परिसरातून शिक्षण’ हे शब्द शहरातल्या कार्यशाळेत फार गोड वाटतात. खेड्यातल्या बापाला त्यात ‘तुमचं पोर तुमच्याच बांधापर्यंत’ असं ऐकू येऊ शकतं. मी त्यांना औषधाच्या डब्याबद्दल विचारलं. कीटकनाशकाच्या लेबलावर एक चौकोन उभा टोकावर ठेवलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. हे मी फळ्यावर काढून शिकवलं होतं, डबे शाळेत आणू दिले नव्हते. त्यांच्या मुलानं घरी जाऊन पत्र्याच्या पेटीमागचे सगळे डबे लांबूनच पाहून यादी केली होती आणि लाल त्रिकोणाचा एक डबा पिण्याच्या पाण्याच्या हंड्याशेजारी होता, हे लिहून आणलं होतं. ते म्हणाले, हो, तो उचलला मी. आणि बसले. पण त्यांचा मूळ मुद्दा त्यामुळे खोडला गेला, असं मला वाटत नाही. बांधापासून सुरुवात करून बांधावरच थांबलो, तर त्यांचं म्हणणं बरोबरच ठरेल.

म्हणून आम्ही थांबत नाही. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते तेव्हा वावरं मोकळी झालेली असतात आणि काळ्या जमिनीला भेगा पडायला लागतात. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, काडी भेगेत घालून किती आत जाते, ते मुलं पट्टीवर मोजतात. काही ठिकाणी काडी अख्खी गडप होते. मग वाचायचं: या मातीतले अगदी बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आक्रसतात, म्हणून जमीन फाटते. ही माती आली कुठून? काळ्या खडकाची झीज होऊन. तो खडक कुठून? जमिनीच्या पोटातून वर आलेला लाव्हा थिजून. कधी? साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. इथं वर्ग एकदम शांत होतो, कारण एवढी शून्यं फळ्यावर मावत नाहीत. आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘तवय आठे कोन राहे?’ तेव्हा इथं कोण राहायचं?

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे डायनासोर, आणि तेही परदेशातले नव्हेत. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा ज्या नर्मदेनं आखलेली आहे, तिचंच नाव एका मांसाहारी डायनासोरला दिलेलं आहे: राजासॉरस नर्मदेन्सिस. त्याची हाडं गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रहिओलीला सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं नामकरण केलं. सोपे शब्दच मुलांना द्यावेत, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव वर्गात लिहून बघावं. ‘नर्मदेन्सिस’मध्ये रफार आहे, अर्धा न आहे, बोलताना जीभ वळवावी लागते. सरावाच्या तक्त्यावर असा शब्द आला तर निम्मी पोरं मान खाली घालतील. इथं मात्र ज्याला त्याला तो आधी म्हणून दाखवायचा होता. पाणी प्यायला जाणारी ती मुलगी दोनदा म्हणाली. वावरातल्या भेगेतून निघालेलं वाचन कोट्यवधी वर्षांमागच्या जनावरापाशी पोचलं, आणि त्या वडिलांचा मुलगा त्या जनावराला किती दात असतील, याच्या चिंतेत पडला. बांध केव्हाच मागे पडला होता.

खान्देशात असा विचार आजच सुरू झाला, असं नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ ची. त्या केंद्रानं सुरुवातीच्या काळातच रावेर तालुक्यातल्या खिरोद्याच्या परिसरात, ग्रामीण शाळांमधलं विज्ञान सुधारण्याचा प्रकल्प चालवला. सातपुड्याच्या पायथ्याचं ते गाव. पुढे याच केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी आणि गंभीर यांनी एक साधा प्रश्न तपासला: मुलांना विज्ञान अवघड जातं की विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा? भाषा सोपी करून तोच मजकूर दिल्यावर मुलांना तो जास्त समजला. ‘द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात’ हे वाक्य पाठ असलेली आणि माठातलं पाणी एप्रिलमध्ये गार का लागतं, हे सांगता न येणारी मुलं मी दरवर्षी पाहते. माहितीपर म्हणून जे काही छापलं जातं, त्यातलं पुष्कळ असं व्याख्यांचं भूस असतं. ते वाचायला देण्यापेक्षा राजा-राणी परवडले.

आता सुगरणीचं सांगते. हे भांडण सगळ्यात मोठं झालं.

गावाबाहेर जुनी विहीर आहे. तिच्यावर झुकलेल्या बाभळीला पावसाळ्यात खोपे लोंबायला लागतात. आणि बहिणाबाई चौधरींची सुगरणीची कविता तर इथल्या पोरांना शाळेत यायच्या आधीच कानावर पडलेली असते. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी मुलानं आणि नातलगांनी टिपून ठेवली, आणि ती पुस्तकरूपानं आली त्या गेल्यानंतर, १९५२ साली. अक्षर न गिरवता एवढं बारीक बघणारी ही बाई आमच्या वर्गाची थोर आजी आहे. भिंतीवर तिचं चित्र आहे.

मुलांनी विहिरीवर बसून खोपे पाहिले. लांबून, कारण पंप चालू असतो आणि कठडा पडलेला आहे. गवताच्या पात्यांच्या लांब चिरफाळ्या चोचीत धरून आणणारे, गाठी मारणारे, विणणारे पक्षी सगळे पिवळ्या डोक्याचे होते. तपकिरी डोक्याचे पक्षी येत, खोप्यावर बसत, आत डोकावत आणि निघून जात. ‘मी पाहिलं’ रकान्यात सगळ्यांनी हेच लिहिलं. मग पक्ष्यांवरचा एक छोटा उतारा वाचला: विणीच्या हंगामात नराचं डोकं पिवळं होतं, खोपा नर विणतो, अर्धा विणून झाला की मादी पाहणी करते, तिला पसंत पडला तर नर तो पुरा करतो.

सुई पडली तरी ऐकू येईल, असा वर्ग गप्प झाला. मग एक मुलगा हळूच म्हणाला, मग बहिणाबाई खोटं सांगतात का?

मुली चवताळल्या. एकीनं तर उताराच खोटा ठरवला. दुसरी म्हणाली, त्या पक्ष्यांनी आपल्याला फसवलं. मी म्हटलं, वाचा पुढे. पुढं होतं की खोपा पसंत पडल्यावर आतलं मऊ अस्तर मादी लावते. यावरून पुन्हा वाद: मग खोपा कुणाचा म्हणायचा? विणणाऱ्याचा की आतून सजवणारीचा? मधली सुट्टी संपून गेली तरी निकाल लागला नाही. त्या संध्याकाळी चौथीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं: ‘नर खोपा बांधतो. मादी बघायला येते. तिला आवडला नाही तर तो दुसरा बांधतो. आवडला तर ती आत मऊ लावते. बहिणाबाईंनी आतला बघितला असेल.’ पहिली चार वाक्यं तिनं योग्य रकान्यांत विभागलेली होती. पाचवं बरोबर ‘मला वाटतं’मध्ये होतं.

कविता आम्ही अजूनही म्हणतो, तालासुरात. ती तपासून घ्यायची गोष्टच नाही, आईच्या जिवाची गोष्ट आहे, आणि मुलांना हे समजवायला मला दोन वाक्यंही लागली नाहीत. मोठ्यांना उगाच वाटतं की खरं कळलं की मुलांची कविता मरते. तसं काही होत नाही. ती विहिरीवर आता जास्त वेळ बसतात, इतकंच.

सध्या वर्गात वटवाघळांवरून दुफळी पडलेली आहे. ग्रामपंचायतीमागच्या पिंपळावर ती मोठी वाघळं दिवसभर उलटी टांगलेली असतात. उडतं म्हणून पक्षी, असं एका गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटातल्या एकानं छातीला चिकटलेलं पिल्लू पाहिलंय, म्हणून ते जनावर. मला विचारलं, मी सांगितलं नाही, वाचून ठरवा म्हटलं. आणि इथंच घोडं अडलंय. मराठीत मुलांसाठी वाघळांवर जे हाताला लागतं, ते एक तर पक्षी-प्राण्यांच्या लढाईत दोन्हीकडून लाथाडलेल्या वाघळाची गोष्ट असते, नाही तर महाविद्यालयीन पुस्तकातून उचललेला, चाळिशीतल्या डोळ्यांनाही न दिसणारा टाइप. मला हवा आहे मोठ्या अक्षरातला, खरा, दहा ओळींचा मजकूर, ज्यात पिल्लू काय पितं, ते स्पष्ट लिहिलंय आणि दात दिसतील असं एक चित्र आहे. कुणाकडे असेल तर पाठवा. नसेल तर लिहून पाठवा. ‘बाळांनो’ अशी सुरुवात नको, आणि शेवटी तात्पर्य तर मुळीच नको. दिवाळीनंतर कापूस वेचणीत निम्मा वर्ग गळतो, तेव्हा त्याआधी मिळालं तर बरं होईल.